तिरपें चाक आणि सरळ वाट

धुळें हें शहर दोन मोठ्या वाटांच्या चौकावर वसलेलें आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारी वाट येथून उत्तरेस तापी ओलांडून सातपुड्याला भिडते; आणि सुरतेहून नागपुराकडे जाणारी वाट तिला आडवी छेदून पारोळें व एरंडोल या गांवांवरून जळगांवास पोंचते. धुळें ते जळगांव हें अंतर सुमारें ९० किलोमीटर आहे. या रस्त्यानें जाणाऱ्या एखाद्या मोटारीचें पुढलें चाक आपल्या खऱ्या दिशेपासून केवळ अर्धा अंश वळलेलें राहिलें, म्हणजे त्याची पुढली कड मागल्या कडेपेक्षां सुमारें पांच मिलिमीटर बाहेर राहिली, तर केवळ भूमितीचा हिशेब मांडला असतां जळगांव येईपर्यंत तें चाक पाऊण किलोमीटरहून अधिक आडवें फरफटलेलें असतें. रबर लवचिक असल्यामुळें ही फरफट डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु ती टायरच्या अंगावर उमटते, पेट्रोलच्या खर्चांत चढते, आणि पावसाळ्यांत वळणावर झिजलेल्या टायरची पकड सुटली तर तिचा हिशेब माणसांना चुकवावा लागतो.

अशी मोटार गॅरेजांत नेली म्हणजे मालक सांगतो, 'चाकें सरळ करून द्या.' ही भाषा सोयीची असली तरी खरी नव्हे. मोटारीचीं पुढलीं चाकें व तीं ज्यांवर वळतात त्या खुंट्या सहसा अगदीं सरळ नसतात. त्या निरनिराळ्या दिशांनीं, थोड्या थोड्या, हेतुपुरस्सर तिरप्या बसविलेल्या असतात. आणि त्या तिरपेपणामुळेंच गाडी सरळ चालते. हें उलटें वाटणारें शहाणपण एका माणसाचें नव्हे व एका देशाचेंही नव्हे. सुतार, घोडागाड्या बांधणारे कारागीर, एक काव्य लिहिणारा वैद्य, चित्रें विकणारा एक व्यापारी आणि शर्यतींत उलटलेल्या मोटारी या सर्वांचा त्यांत वांटा आहे.

महाराष्ट्रांत गाडीचा जो प्राचीन पुरावा हातीं आला आहे, तो प्रवरेकांठच्या दायमाबादचा. अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील या गांवीं १९७४ सालीं कांशाच्या चार जड वस्तु सांपडल्या. त्यांपैकीं तीन म्हणजे हत्ती, गेंडा व रेडा. चौथी वस्तु म्हणजे दोन बैल जुंपलेला, सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, आणि त्यांत उभा असलेला सारथि. दायमाबादच्या अगदीं खालच्या थरांतील वस्तीला पुरातत्त्वज्ञ सावळदा संस्कृति म्हणतात, आणि तें सावळदें गांव तापीकांठचें, खानदेशांतलें. रथ मात्र त्या थराचा नव्हे. तो बहुधा इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या सहस्रकांतला असावा, आणि त्याच्या काळाविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. असो. येथें प्रस्तुत आहे ती त्याची रचना. एक आंस, दोन भरीव चाकें, पुढें लांब दांडी, तिच्या टोकाला जूं आणि जुंवाखालीं दोन बैल. विसाव्या शतकांत जळगांवच्या बाजारांत कापूस घेऊन येणाऱ्या बैलगाडीची मांडणी याहून फारशी वेगळी नव्हती.

अशा गाडीला वळविण्याचें वेगळें साधन लागतच नाहीं. बैल वळले कीं दांडी वळते, दांडी वळली कीं आंस वळतो, आणि आंसाच्या दोन टोकांवर दोन चाकें आपापल्या गतीनें फिरतात. दोन चाकांमध्यें १.४ मीटर अंतर असेल, तर काटकोनाचें वळण घेतांना बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां २.२ मीटर अधिक चालावें लागतें. चाकें आंसाला जखडलेलीं नसल्यामुळें बाहेरचें चाक तेवढें अधिक फिरून घेतें आणि कोणाचीच ओढाताण होत नाहीं. वळणाची सर्व भूमिति बैलांच्या मानेवर सोंपविलेली असते. सुधारणा झाली ती चाकांत. १८३० ते १८४० या दशकांत महसुलाची पाहणी करणारे गोल्डस्मिड व विंगेट यांच्या प्रयत्नानें सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें आऱ्यांच्या चाकांच्या हलक्या गाड्या तयार होऊं लागल्या आणि जुन्या भरीव चाकांचे खटारे हळूहळू मागें पडले. तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पुठे आणि पुठ्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धांव, असें तें चाक. थंड होतां होतां धांव आंवळते व सर्व सांधे एकजीव होतात.

चार चाकें आलीं कीं प्रश्न बिकट होतो. त्याचें मोठें बोलकें उदाहरण जळगांवकरांना दर वर्षीं पाहावयास मिळतें. कार्तिकी एकादशीला जळगांवीं श्रीरामाचा रथ निघतो. हा उत्सव १८७२ सालीं सुरू झाला. लोक दोर धरून तो उंच, अवजड रथ ओढतात. परंतु रथाला दिशा देणारें चक्र नसतें. चाकाशीं लांकडाची मोगरी लावणारे जाणते लोक असतात, आणि रथाचा वेग व रोख त्यांच्या हातीं असतो. एका बाजूचें चाक अडलें कीं दुसरी बाजू पुढें सरते आणि रथ वळतो. वळतांना चाकें जमिनीवर घांसली जातात तीं अर्थात् टळत नाहींत. वर्षांतून एक दिवस गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्या रथाला तें चालतें. रोजच्या वाहनाला तें चालण्यासारखें नव्हे.

युरोपांतील घोडागाड्यांनीं यावर तोड काढली ती फिरत्या आंसाची. पुढला सबंध आंस मधल्या एका खुंटीवर फिरवावयाचा, म्हणजे घोडे वळतील तशीं पुढलीं दोन्ही चाकें वळतात. या युक्तींत दोन दोष होते. आंस पुरता वळला म्हणजे पुढलीं चाकें गाडीच्या पोटाखालीं शिरत, गाडीचा पाया चतुष्कोनाऐवजीं जवळजवळ त्रिकोणी होई, आणि गाडी उलटे. दुसरा दोष असा कीं, एका चाकाला दगड लागला तर तो धक्का अर्ध्या आंसाएवढ्या लांब तरफेनें मधल्या खुंटीवर येऊन सबंध आंस हिसडला जाई. घोडे होते तोंवर तो हिसडा दांडीनें व घोड्यांनीं सोसला. पुढें घोडे गेले, आणि तो माणसाच्या मनगटावर येणार होता.

हे दोष ओळखून पहिला उपाय सुचविला तो एरॅस्मस डार्विन या इंग्रज वैद्यानें. उत्क्रांतिवादाचा प्रवर्तक चार्लस् डार्विन याचा हा आजोबा. रोगी पाहण्यासाठीं खराब रस्त्यांनीं त्याला सारखा प्रवास करावा लागे, आणि कवितेइतकेंच त्याला यंत्रांचें वेड होतें. १७६० च्या आगेंमागें त्यानें अशी कल्पना मांडली कीं, आंस जागचा हलूं नये. त्याच्या दोन्ही टोकांना दोन स्वतंत्र खुंट्या असाव्यात आणि प्रत्येक चाकानें आपल्या खुंटीवर वळावें. त्यानें या कल्पनेचें पेटंट घेतलें नाहीं व ती तशीच राहिली. पुढें म्यूनिक येथील दरबारी गाड्या बांधणारा गेऑर्ग लांकेनस्पेर्गर यानें १८१६-१७ च्या सुमारास तीच युक्ति नव्यानें सिद्ध केली. इंग्लंडांत तिचें पेटंट १८१८ सालीं त्याच्या वतीनें रुडॉल्फ अकरमन यानें घेतलें. हा अकरमन मूळचा जर्मन, तरुणपणीं गाड्यांचे आराखडे काढणारा. नेल्सनच्या प्रेतयात्रेची गाडीही त्यानेंच योजिली होती. लंडनमध्यें त्याचा धंदा चित्रें व पुस्तकें प्रसिद्ध करण्याचा. शोध लांकेनस्पेर्गरचा, पेटंट अकरमनचें, आणि जगांतील प्रत्येक मोटार-कारागिराच्या तोंडीं नांव राहिलें तें अकरमनचें! यश ज्याच्या वांट्याला यावें त्याच्या वांट्याला तें येतेंच असें नाहीं. लंडनच्या गाडीवाल्या कारखानदारांनीं तर ही सुधारणा फारशी जवळही केली नाहीं.

त्याच १८१८ सालीं पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें येथें आपलें मुख्य ठाणें केलें. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता. त्यांचा संबंध यावयास पुढें शंभर वर्षें लागलीं.

दोन स्वतंत्र खुंट्या आल्या तरी भूमिति पुरी झाली नव्हती. वळणांत आंतलें चाक लहान वर्तुळावरून जातें व बाहेरचें मोठ्या. म्हणून दोघांनीं सारखेंच वळून भागत नाहीं. पुढल्या व मागल्या चाकांत २.५ मीटर अंतर असलेली मोटार ६ मीटर त्रिज्येचें वळण घेत असेल, तर आंतल्या चाकानें सुमारें २५ अंश वळलें पाहिजे आणि बाहेरच्यानें २० अंशांहून किंचित् जास्त. एवढा फरक एका साध्या दांड्यानें कसा साधावा? खुंट्यांपासून मागें जे दोन लहान हात निघतात ते आंतल्या बाजूला असे कललेले ठेवावे कीं, त्यांच्या रेषा वाढविल्या असतां त्या मागल्या आंसाच्या मध्याशीं मिळतील, हा नियम पॅरिसच्या शार्ल जांतो याच्या नांवें १८७८ पासून सांगितला जातो. तो गणिताच्या कसोटीला अगदीं काटेकोर उतरत नाहीं; व्यवहाराला पुरतो. तत्पूर्वीं १८७३ सालीं ल मां गांवच्या आमेदे बोले यानें आपल्या वाफेच्या गाडीचीं पुढलीं चाकें वेगवेगळ्या खुंट्यांवर बसविलीं होतीं. याउलट कार्ल बेंझची १८८६ च्या पेटंटाची सुप्रसिद्ध मोटार तीन चाकांची होती. चार चाकांच्या वळणाचा प्रश्न त्याला समाधानकारक सुटला नव्हता. तो सुटल्यावर १८९३ सालीं त्यानें त्याचेंही पेटंट घेतलें.

येथवर वळण्याचा विचार झाला. परंतु वाहन वळतें थोडा वेळ. त्याचा बहुतेक प्रवास सरळ जाण्यांत होतो, आणि सरळ जाणें हेंच अधिक कठीण ठरलें. एमिल लव्हासोर हा पहिल्या पिढींतील नामांकित फ्रेंच मोटारवाला. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याच्या शर्यतींत त्यानें सुमारें ४८ तास ४८ मिनिटें एकट्यानें गाडी चालविली. त्या गाडीला आजच्यासारखें गोल चक्र नव्हतें, नावेच्या सुकाणूसारखी एक मूठ होती. मुठींतून हात सुटला तर चाकें कोणीकडेही वळत. पुढल्याच वर्षीं पॅरिस-मार्सेय शर्यतींत एका कुत्र्याला चुकवितांना लव्हासोर गाडींतून फेंकला गेला.  त्यानंतर त्याची प्रकृति ढांसळत गेली आणि १८९७ च्या एप्रिलांत त्याचें निधन झालें. त्याच्या कारखान्याची सूत्रें पुढें आर्तुर क्रेब्झ याच्या हातीं आलीं. या क्रेब्झनें १८९६ सालींच अशा रचनेचें पेटंट घेतलें होतें कीं, तींत वळविलेलें चाक आपण होऊन पुन्हां सरळ होई.

ती रचना समजण्यास सायकल पुरे. सायकलचा पुढला चिमटा उभा नसतो. तो वरून मागें कललेला असतो. त्याची रेषा खालीं वाढविली तर ती चाक जमिनीला जेथें टेंकतें त्याच्या थोडी पुढें जमिनीला मिळते. म्हणजे चाकाचा टेंका नेहमीं त्या रेषेच्या मागून येतो, गाईमागून वासरूं यावें तसा. गाय वळली तर वासरूं वळतें, गाय सरळ चालली तर वासरूं तिच्या मागें सरळ लागतें. हात सोडून सायकल चालविणाऱ्या मुलाला जें धाडस वाटतें, त्यांत या कलाचाही हात असतो. मोटारींत या कलाला कॅस्टर म्हणतात. दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा नसला तर गाडी एकीकडे ओढते, आणि तो फार कमी झाला तर वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाहीं. चाक ज्या खुंटीवर वळतें ती किंगपिन वरच्या टोकाशीं आंतही कललेली असते; त्यामुळें चाक वळवितांना गाडीचें नाक केंसभर उचललें जातें आणि गाडीचें वजनच चाकाला परत मध्यावर आणतें.

राहिलेले दोन तिरपेपण मात्र मोटारीचे नव्हेत. ते घोडागाडीच्या कारागिरांकडून वारशानें आले आहेत. विलायती गाडीचें चाक सपाट नसून थाळीसारखें किंचित् खोलगट करीत, कारण घोड्याच्या चालीबरोबर गाडीचें ओझें या बाजूहून त्या बाजूला झोंके घेतें आणि तो आडवा दाब खोलगट चाक चांगला सोसतें. परंतु भार पेलणारा खालचा आरा उभाच पाहिजे. म्हणून आंसाचें टोक थोडें खालीं वांकवीत. त्यामुळें चाकाचा माथा बाहेर झुके. असें झुकलेलें चाक बाहेर पळूं पाहतें व टोंकाच्या खिळीवर दाब आणतें. म्हणून तेंच टोक जरासें पुढेंही वांकवीत, म्हणजे चाकांच्या पुढल्या कडा मागल्यांपेक्षां एकमेकींच्या किंचित् जवळ येत. एक तिरपेपण दुसऱ्याला आंवर घालतो. मोटारवाल्यांनीं माथ्याच्या झुकावाला कॅम्बर व पुढल्या कडांच्या जवळिकीला टो-इन अशीं नांवें दिलीं. कारागिरी तीच राहिली. पुढें रस्ते सपाट झाले, टायर रुंद झाले आणि कॅम्बर कमी कमी होत गेला. आजच्या पुष्कळ मोटारींत चाकाचा माथा उलट आंतच थोडा झुकलेला असतो.

खानदेशांत मोटारी आल्या त्या बैलगाडीच्या रस्त्यावर. तापीच्या उत्तरेकडील चोपडें, शिरपूर, शहादें या गांवांना रेल्वे नव्हती. तेथील माणसांना व मालाला मोटार-लॉरी हें मोठें वरदान होतें. परंतु रस्ता काळ्या मातीचा. ही माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेली खडी एका पातळींत राहूं देत नाहीं. त्यांत बैलगाड्यांच्या लोखंडी धांवा. सगळें ओझें तीन-चार बोटें रुंदीच्या लोखंडावर. ती धांव एकाच रेघेंतून रोज गेली म्हणजे खडी चिरडते आणि खोल चाकोरी पडते. मराठी भाषेला या चाकोरीनें एक सुंदर शब्द दिला आहे. लॉरीच्या चालकांना मात्र तिनें शिव्याच शिकविल्या असाव्यात. बैलगाडीच्या चाकांचें अंतर निराळें, लॉरीचें निराळें. एक चाक चाकोरींत उतरे, दुसरें कडेवर चढे. स्टिअरिंग एकीकडे सांगे आणि चाकोरी दुसरीकडे नेई.

या लॉऱ्यांचा पुढला आंस म्हणजे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत गेलेली एकच लोखंडी तुळई, कमानपाट्यांवर बसविलेली. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं सबंध तुळई कलते; आणि वेगानें फिरणारें चाक कललें म्हणजे भोंवऱ्याच्या नियमानें तें एका बाजूला वळूंही पाहतें. किंगपिनचे बुश झिजलेले असले, टाय-रॉडचे सांधे सैल असले, तर हा झटका एका वेळेवर थांबत नाहीं. दोन्ही चाकें डावीउजवीकडे थडथड नाचूं लागतात व चालकाला गाडी थांबविण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. १९२३ नंतर कमी हवेचे फुगीर टायर व पुढल्या चाकांचे ब्रेक प्रचारांत आले तेव्हां हा विकार युरोप-अमेरिकेंतही बळावला होता. त्यावरचा एक मोठा उपाय म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्प्रिंगांवर टांगण्याची रचना १९३४ पासून अमेरिकन मोटारींत सर्रास दिसूं लागली. ट्रकला व बसला ती मिळाली नाहीं. पुष्कळ अवजड वाहनांचा पुढला आंस अजूनही तुळईचाच असतो.

रस्त्याच्या बाजूनें या दुखण्याचा विचार करणाऱ्यांत एक मराठी नांव अग्रभागीं आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं नेमलेल्या समितीनें १९२८ मध्यें अहवाल दिला आणि पेट्रोलवर दर गॅलनला दोन आण्यांचा जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांकडे लावावा असें सुचविलें. १९२९ मध्यें तसा निधि निघाला. १९४३ सालीं नागपुरास भरलेल्या मुख्य इंजिनिअरांच्या परिषदेंत राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक, जिल्ह्याचे व खेड्यांचे रस्ते अशी वर्गवारी ठरली. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर बेडफर्ड बनावटीची पहिली एस.टी. बस निघाली व हळूहळू खानदेशांतील मार्गही त्या जाळ्यांत आले. सरकारी सेवेबरोबर डेपो आले, ठराविक मुदतीनें तपासणी आली. सांधा निखळेपर्यंत गाडी हांकण्याची रीत निदान त्या आवारापुरती संपली.

आतां गॅरेजाकडे वळावें. आग्रा रस्त्यावर काय किंवा जळगांवच्या बाहेरील महामार्गावर काय, चाकें जुळविण्याची जुनी पद्धत एका सुतळीवर चाले. मागल्या चाकापासून पुढल्या चाकापर्यंत सुतळी ताणावयाची, ती टायरला कोठें टेंकते व कोठें सुटते तें पाहावयाचें. नाहीं तर चाक फिरवीत टायरवर खडूची बारीक रेघ ओढून दोन्ही चाकांतील रेघांचें अंतर पुढून व मागून काठीनें मोजावयाचें. फरक निघेल तो टाय-रॉड फिरवून काढावयाचा. सुतार हा शब्द मुळीं सूत्रधार या शब्दापासून आला. सूत धरणारा तो सुतार. चाक घडविणाऱ्याचें सूत चाक जुळविणाऱ्याच्या हातीं आलें, इतकेंच. निष्णात हातांत ही सुतळी एक-दोन मिलिमीटरांपर्यंत खरें सांगे. तिची मर्यादा अशी कीं, तिला टो तेवढा दिसतो. कॅस्टर व किंगपिनचा कल दिसत नाहीं. तुळईच्या आंसाला याची फारशी अडचण नव्हती, कारण तेथें कॅम्बर तुळईंतच घडविलेला असे आणि कॅस्टर सुधारावयाचा तर कमानपाटा व आंस यांमध्यें लोखंडी पाचर घालून सुधारीत.

१९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० बाजारांत आली आणि मध्यमवर्गीय घरांत मोटार शिरली. पुढल्या चाकांनीं ओढली जाणारी ही हलकी गाडी. तिच्यासारख्या गाड्यांत चाकें पुढें खेंचत असतात, म्हणून जुन्या गाड्यांइतका टो-इन त्यांना लागत नाहीं. कित्येकींत तो शून्याच्या आसपासच ठेवतात. जुन्या गाडीचा अंदाज नवीला लावला कीं टायर खराब होणारच. आज बहुतेक मोठ्या गांवांत चाकांना परावर्तक पाट्या अडकवून कॅमेऱ्यांनीं सर्व कोन एकदम मोजणारीं यंत्रें आहेत. यंत्र कोन अचूक सांगतें. तो कोन कशानें बिघडला हें मात्र तें सांगत नाहीं, आणि फसगत होते ती येथेंच. पुष्कळ लहान गाड्यांत पुढल्या चाकांचा टो तेवढा बदलतां येतो. कॅम्बर किंवा कॅस्टर चुकलेला दिसला तर त्याचा अर्थ कांहींतरी वांकलें आहे, झिजलें आहे, किंवा स्प्रिंग बसली आहे. अशा गाडीचा टो फिरवून पडद्यावरचे आंकडे हिरवे करतां येतात. पारोळ्याच्या अलीकडे पहिला खड्डा लागतांच ते हिरवे आंकडे निरर्थक होतात.

रावेर-यावलकडील केळीं भरून उत्तरेकडे निघालेल्या ट्रकचें उदाहरण घ्यावें. मागें भार अधिक झाला म्हणजे ट्रकची शेंपूट बसते, नाक उचललें जातें. कॅस्टर वाढतो आणि पुढल्या चाकांवरचा भार मात्र घटतो. धुळ्याहून सेंधव्याकडे जातांना बिजासनीच्या घाटांत, ओल्या वळणावर, ज्या चाकांनीं गाडी वळवावयाची त्यांचीच पकड कमी असते. रिकाम्या ट्रकवर मोजलेले कोन त्या रात्रीं उपयोगी पडत नाहींत. येथें दोष जुळवणीचा नसून भरणीचा असतो. शिक्षा चालकाला व समोरून येणाऱ्याला होते.

घरच्या मोटारीच्या बाबतींतही दोष भलत्याच ठिकाणीं शोधला जातो. गाडी डावीकडे ओढते अशी तक्रार फार ऐकूं येते. आपल्याकडे वाहनें डावीकडून चालतात आणि पाणी वाहून जावें म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो. तेव्हां निर्दोष गाडीही थोडी डावीकडे कलणारच. त्याहून अधिक ओढत असेल तर प्रथम टायरमधील हवा पाहावी. मग एखादा ब्रेक धरून राहिला आहे कीं काय तें पाहावें, कारण तें चाक दुसऱ्यापेक्षां तापलेलें असतें. नंतर पुढले दोन टायर आपसांत बदलून पाहावेत. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा, जुळवणीचा नव्हे. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतें व वेग बदलला कीं थांबतें, तें बहुधा चाकाचें वजन एकसारखें वांटलेलें नसल्यामुळें; तेथें जुळवणी करून पैसा व्यर्थ जातो. टायर स्वतःच पुष्कळ सांगतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर जास्त. एकच कड झिजली तर कॅम्बर किंवा टो. आणि तळहात आडवा फिरवितांना एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें करवतीसारखा लागला, तर टो खात्रीनें चुकला.

चांगला कारागीर म्हणून यंत्राकडे शेवटीं जातो. आधीं हवा, मग सांधे हलवून पाहणें, मग गाडी दोन्ही बाजूंनीं सारखी उभी आहे कीं नाहीं तें पाहणें. मागल्या चाकांची दिशा प्रथम तपासतो, कारण गाडी खरें पाहतां मागल्या चाकांच्या रोखानें चालते. नंतर कॅम्बर व कॅस्टर, आणि सर्वांत शेवटीं, स्टिअरिंग बरोबर मध्यावर बांधून, टो. वरच्या दोन कोनांत बदल झाला कीं टो आपोआप बदलतो, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाहीं. एवढें झाल्यावर तो मालकाला शेजारीं बसवून एखाद्या सपाट, मोकळ्या जागेंत गाडी सरळ सोडतो आणि स्टिअरिंगवरचीं बोटें सैल करतो. तेथें गाडी सरळ गेली, व रस्त्यावर आल्यावर पुन्हां डावीकडे झुकूं लागली, तर तिला परत गॅरेजांत नेण्याचें कारण नसतें. तो रस्त्याचा उतार असतो.